तिसऱ्या चौकोनातली सून

शुक्रवारी दुपारी साडेतीन वाजता खुर्शिदचाचींनी स्वराजच्या नेट कॅफेतला पडदा बाजूला सारला, पिशवीतून चष्मा काढला, पदराने पुसला आणि खुर्चीत बसता बसता विचारलं, "आला का माझा?"

तो आला नव्हता. कॉम्प्युटरच्या काचेवर अफताबच्या जागी इंग्रजीतली एक लांबलचक सूचना होती आणि तिच्यासमोर स्वराज कपाळ खाजवत उभा होता. ती सूचना त्याने तीनदा वाचली होती, आणि तिन्ही वेळा तिचा अर्थ तोच निघाला होता.

खुर्शिदचाचींना वरवंडात ओळखत नाही असं माणूस मिळणं अवघड. त्यांचे मालक पाशाभाई यांचं हायवेला पंक्चरचं दुकान होतं. ते अचानक गेले तेव्हा मुलगा अफताब आठवीत होता. तेव्हापासून चाचींनी शिलाई मशिनवर घर ओढलं. अर्ध्या वरवंडाच्या पोलक्यांना त्यांचा हात लागलेला, आणि माप घ्यायला त्यांना कधी टेप लागली नाही. बाई दारातून आत येईपर्यंत तिचं माप त्यांच्या डोळ्यांत उतरलेलं असायचं. पुढे अफताब एसी दुरुस्तीचं काम शिकला आणि मस्कतला गेला, त्याला आता चार वर्षं झाली होती. शुक्रवारी त्याला सुट्टी. त्या दिवशी मायलेक स्वराजच्या कॅफेत कॅमेऱ्यावर भेटत. ज्या कंपनीच्या मेसेंजरवर ही भेट व्हायची, ती कंपनी त्याबद्दल एक छदामही घेत नव्हती, आणि चाची नमाजात मुलाबरोबर तिच्यासाठीही दुआ मागत असत.

स्वराज हा हौसरावांचा मुलगा. हौसराव म्हणजे बारा एकर बागाईत आणि सोसायटीत शब्दाला वजन. पोराने गोठा वाढवावा असं त्यांना वाटत होतं, पोराने नेट कॅफे काढला. तरी उद्घाटनाला ते आले, नारळ फोडला आणि कौतुकाने पहिल्या कॉम्प्युटरसमोर बसले. मेसेंजर उघडला तशी उजवीकडच्या पट्टीत अंगावर बेताचेच कपडे असलेली एक बाई आली, तिने डोळा मिचकावला आणि आपण एकट्या असून आपल्याला पुणे जिल्ह्यातच मैत्री हवी असल्याचं कळवलं. स्वराजला इंग्रजी वाचून दाखवावं लागलं नाही, हौसरावांना डोळ्यावरूनच समजलं. त्यांनी टोपी नीट केली, उठले आणि "ह्यापरीस म्हशी बऱ्या" एवढंच बोलून जे गेले ते दोन वर्षांत परत कॅफेची पायरी चढले नाहीत.

त्याच आठवड्यात स्वराजने पुण्यातल्या एका मित्राकडून एक छोटासा प्रोग्रॅम आणला. तो मेसेंजरला चिकटून बसायचा आणि आलेली प्रत्येक जाहिरात गिळायचा. उजवीकडची पट्टी कोरी करकरीत. चाचींसारख्या वडीलधाऱ्या बाईला भलतंसलतं दिसू नये, एवढीच त्याची इच्छा होती, आणि दोन वर्षं ती सुखाने पुरी झाली.

आता कंपनीला जाग आली होती. परक्या माणसाने जोडकाम केलेला मेसेंजर यापुढे चालणार नाही, आमचा आहे तसा घ्या नाहीतर बोलू नका, असं त्या सूचनेत गोड शब्दांत लिहिलं होतं. खरं तर कंपनीचंही एकदम चूक म्हणता येत नव्हतं. दोन वर्षं ती मस्कतहून वरवंडला पोरगा आणून दाखवत होती आणि त्या बदल्यात कडेला जरा बसू द्या म्हणत होती. पण कडेला कोण येऊन बसेल, हे मात्र ती विचारत नव्हती. स्वराजने घड्याळ पाहिलं, चाचींचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने कंपनीचा मेसेंजर चढवला.

अफताब आला. त्याच्याबरोबर पट्टीही आली. तिच्यात काय आलंय हे बघायलाही लाजून स्वराज म्हणाला, "चाची, तुम्ही फकस्त अफताबकडं बघा. उजव्या अंगाला काय बी दिसलं तर तिकडं ध्यान देऊ नका." आणि पडदा सोडून तो गल्ल्यावर जाऊन बसला.

असं सांगितल्यावर जगात कुठलं माणूस उजवीकडे बघणार नाही? चाचींनी आधी अफताबला "खाल्लंस का" विचारलं आणि मग हळूच नजर वळवली. तिथे एक मुलगी होती. गोरी, हसरी, हिरव्या रंगाचा कुडता, लांब काळेभोर केस आणि डोकं उघडं. ती चाचींकडे बघून हसली, मान एका बाजूला कलवली, केसांवरून हात फिरवला आणि पुन्हा हसली.

इथे चाचींना कुणी अडाणी म्हणू नये. त्यांचा हिशेब चोख होता. पहिल्या दिवशी स्वराजनेच त्यांना समजावलं होतं, की मोठ्या चौकोनात अफताब, तो मस्कतला बसलाय. छोट्या चौकोनात तुम्ही, तुम्ही इथे बसलाय. म्हणजे चौकोनात जे माणूस दिसतं ते कुठेतरी खरोखर बसलेलं असतं. आता तिसरा चौकोन आला होता आणि त्यात एक मुलगी होती. ती अफताबच्या लगत दिसत होती, चाचींकडे बघून हसत होती, तोंडातून शब्द काढत नव्हती, आणि स्वराज म्हणत होता तिकडे बघू नका. म्हणजे स्वराजलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आईला.

चाचींनी विचारलं नाही. पोराने लग्न केलंय का, असं आईने पोराला विचारायचं? ते त्याने सांगायचं असतं. घरी येऊन त्या मशिनवर बसल्या, आणि एका सरळ शिवणीत दोरा चारदा तुटला.

दुःखाचं कारण नुसतं लपवाछपवीचं नव्हतं. केडगावच्या शाकीरभाईंची मुलगी सबा चाचींनी अफताबसाठी मनात धरली होती. स्टेशनजवळ शाकीरभाईंची बेकरी, घर चांगलं, मुलगी हुशार. दोन्हीकडून होकार होता, फक्त अफताब "बघू, बघू" करत दीड वर्ष ढकलत होता. त्या "बघू"चा उलगडा चाचींना आज झाला.

पुढच्या शुक्रवारी त्या लवकरच जाऊन बसल्या. मुलगी होतीच. तोच हिरवा कुडता. चाचींनी मनात म्हटलं, एकच कुडता दिसतो हिच्याकडे, माझं पोरगं हिला कपडे घेतं की नाही. मग त्यांनी अफताबला निरखलं. तो हसत होता. काहीतरी एसीचं सांगत होता आणि सांगता सांगता उगाच हसत होता. चार वर्षांत त्यांनी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. लेकाचं आणि आईचं घरातलं बोलणं दखनीत चालायचं, ते इथे मराठीत सांगायचं तर चाची म्हणाल्या, "तुला मला काही सांगायचं आहे का?"

अफताबचं हसू थांबलं. त्याने टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला, खाली ठेवला आणि म्हणाला, "सांगीन अम्मी. पुढच्या शुक्रवारी सांगीन."

झालं. आता शंकेला जागाच उरली नाही. शेजारची मुलगी मात्र हे सगळं ऐकूनही हसतच होती. चाचींना वाटलं, आहे खरी निर्मळ स्वभावाची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वडापची जीप पकडली, चौफुल्याला गाडी बदलली आणि केडगावला शाकीरभाईंच्या बेकरीत जाऊन उभ्या राहिल्या. आपल्या पोराने तिकडेच घर केलंय, सबाला आपल्या शब्दात अडकवून ठेवणं हे पाप होईल, तिला मोकळी करायला आले आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. शाकीरभाईंनी हातातला टोस्टचा पुडा खाली ठेवला. चहा घ्या असं काही ते म्हणाले नाहीत. चहा सबानेच आणून दिला. ती शटल रेल्वेने रोज पुण्याला कॉम्प्युटर शिकायला जात होती आणि मस्कत हा शब्द ऐकला की तिचं डोकं दुखायचं, पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आठ दिवसांत तिचं शिरूरच्या स्थळाशी जमलं. केडगावचा दरवाजा बंद झाला, आणि तो चाचींनी स्वतःच्या हाताने लावला होता.

तिसऱ्या शुक्रवारपर्यंत स्वराजचीही झटापट चालू होती. त्याने मित्राकडून नवा प्रोग्रॅम आणला, कंपनीने ओळखला. आणखी एक आणला, तेव्हा कंपनीने अख्ख्या कॅफेचं खातं एक दिवस बंद ठेवलं आणि पुन्हा असं करणार नाही यावर टिचकी मारायला लावली. शेवटी त्याने वरवंडी उपाय काढला. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि काचेच्या उजव्या बाजूला चिकटपट्टीने लावला. यावर कंपनीला काही करता येत नव्हतं.

चाचींनी पडद्याआड बसून तो पुठ्ठा पाहिला आणि त्यांच्या मस्तकात तिडीक गेली. लग्न चोरून केलं असेल, पण म्हणून सुनेच्या तोंडावर पुठ्ठा? त्यांनी नखाने चिकटपट्टी अलगद सोडवली. तर तिथे मुलगी नव्हती. पांढऱ्या केसांचा, सोनेरी चष्म्याचा एक भारदस्त गृहस्थ हात जोडून समाधानाने हसत होता. चाचींनी चटकन पदर डोक्यावर ओढला. मुलीचा बाप. व्याही. बोलणी करायला येऊन बसला असणार, आणि आपण इथे पुठ्ठे सोलतोय. त्यांनी मान खाली घालून त्याला सलाम केला.

"अम्मी, कुणाला सलाम करतेस?" अफताबने विचारलं.

"कुणाला नाही. तू बोल," चाची म्हणाल्या. पण सांगायचं होतं ते अफताबने पुन्हा पुढच्या शुक्रवारवर टाकलं. जाताना चाचींनी पुठ्ठा होता तसा लावून ठेवला, म्हणजे स्वराजला वाईट वाटायला नको.

त्या आठवड्यात त्यांनी खूप विचार केला. पोराने का लपवलं असेल? आपण नाही म्हणू असं त्याला वाटलं असणार. आणि खरंच आपण नाही म्हटलं असतं. उघड्या डोक्याची, परमुलखातली, जात ना पात, असल्या मुलीला आपण दारात उभं केलं नसतं. म्हणजे पोराने आईला बरोबर ओळखलं होतं. हे मनाला फार लागलं. जी बाई दारातून आत आलेल्या प्रत्येकीचं माप बघता बघता घेते, तिच्या मुलाला वाटावं की आईच्या मापात एकच बाई बसते? चाचींनी कपाटातलं जांभळं रेशमी कापड काढलं आणि त्या मुलीसाठी कुडता शिवायला घेतला. ती दिसली होती खांद्यापर्यंतच, बाकीचं अंदाजाने. शिवता शिवता राग कुठल्या टाक्यात सुटला, ते त्यांनाही कळलं नाही.

आणि चौथ्या शुक्रवारी पुठ्ठा सोडवला, तर तिसऱ्या चौकोनात बाळ.

गुटगुटीत, दोन दातांचं, अंगाला फेस लागलेला आणि खुदखुदून हसणारं. चाचींनी बोटं मोजली. बाळ आठ महिन्यांचं तरी असावं. म्हणजे लग्नाला दीड वर्ष झालं असणार, म्हणजे "बघू, बघू" सुरू झालं तेव्हाच. सगळं बरोबर जुळत होतं. त्यांनी कसंबसं बोलणं आवरलं, बाहेर आल्या आणि थेट हौसरावांच्या वाड्यामागच्या गोठ्यात, विठाबाईंकडे गेल्या. विठाबाई म्हणजे स्वराजची आई. तीस वर्षांची मैत्री. एकीच्या बाळंतपणात दुसरीने डिंकाचे लाडू केलेले.

"विठे, म्या आजी झाले," चाची म्हणाल्या आणि पेंडीच्या पोत्यावर बसून रडल्या.

विठाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना काही ते अशक्य वाटलं नाही. परगावी गेलेल्या पोरांनी याहून मोठे पराक्रम केलेले त्यांनी ऐकले होते. "आगं मंग रडतीस कशाला? लेकरू हाय ते. त्याला पाळण्यात घालाया नगं?" त्या म्हणाल्या. चाचींनी तीन दिवसांत झबलं, टोपडं आणि दुपटं शिवलं. घरातून गूळ-खोबरं कुठे चाललंय म्हणून हौसरावांनी विचारलं, तेव्हा विठाबाईंना सांगावंच लागलं. पाशाभाई हौसरावांचा जिवलग. त्याचा नातू आपण बघायचा नाही तर कुणी? ते दौंडला जाऊन चांदीचे वाळे घेऊन आले.

अशा रीतीने पाचव्या शुक्रवारी हौसराव दोन वर्षांनी कॅफेची पायरी चढले. स्वराजला वाटलं, बाप निवळला. तो आनंदाने चहा सांगायला हॉटेलात गेला. परत आला तेव्हा पडद्याआडून पाळणा ऐकू येत होता. त्याची आई हळू आवाजात, पण मनापासून, जो बाळा जो जो म्हणत होती.

स्वराजने पडदा सारला. पुठ्ठा जमिनीवर पडला होता. विठाबाई गात होत्या, चाचींनी काचेसमोर झबलं पसरून धरलं होतं, आणि हौसराव खुर्चीच्या मागून वाकून चांदीचे वाळे किणकिणवत होते. त्यांच्यासमोर बाळ हसत होतं आणि बाळाच्या शेजारच्या चौकोनात अफताब तोंड उघडं टाकून बसला होता.

"अम्मी, हे काय चाललंय?"

"आता लपवू नकोस," चाची म्हणाल्या. "तुझं लेकरू आम्ही पाहिलंय."

"कुठलं लेकरू?"

"तुझ्या शेजारी हसतंय ते."

अफताबने शेजारी पाहिलं. तिथे भिंत होती आणि दुरुस्तीला आलेला एक कूलर होता. तो पुन्हा समोर बघू लागला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून असं दिसलं की आईला काहीतरी झालंय अशी त्याला भीती वाटते आहे.

चहाची किटली स्वराजने खाली ठेवली. त्याला पाच शुक्रवारांचा सगळा घोळ एका दमात समजला आणि तो कसा सांगावा ते मात्र समजेना. "चाची," तो म्हणाला, "ती जाहिरात हाय. साबनाची."

विठाबाईंचा पाळणा थांबला. हौसरावांनी वाळे मुठीत घेतले. चाचींनी झबलं मात्र तसंच धरून ठेवलं.

"आन् ती पोरगी?" त्यांनी विचारलं.

"कुठली पोरगी?"

"हिरव्या कुडत्याची. केसावरनं हात फिरवनारी."

"ती शाम्पूची असंल, चाची."

"आन् तिचा बाप? पांढऱ्या केसाचा?"

स्वराजला थोडा वेळ लागला. "ती पेन्शनची योजना," तो म्हणाला.

बाळ तेवढं हसत होतं, कारण कंपनीने त्याला तेवढंच काम दिलं होतं. हौसरावांना पहिल्यांदा पोरावर ओरडावंसं वाटलं, मग कंपनीवर, आणि मग आपणच दुकानात उभं राहून साबणाला वाळे दाखवत होतो हे लक्षात आलं, तेव्हा ते स्टुलावर बसले. "फुकाट देतंय म्हनल्यावर ते आपल्या वसरीवर येऊन बसनारच," ते स्वतःशीच म्हणाले. "पर म्हनून घरात सून, व्याही, नातू घालावं का?"

चाचींनी झब्ल्याची घडी केली. एकदा केली, ती वाकडी झाली म्हणून मोडून पुन्हा केली. महिनाभर त्या कशाशी भांडल्या, कशाला शरण गेल्या, कुणासाठी रेशीम कापलं, ते सगळं आता साबणाच्या फेसाएवढं राहिलं होतं. आणि एक गोष्ट तर तेवढीही राहिली नव्हती.

"म्या सबाचं मोडून आले, विठे," त्या म्हणाल्या. "शाम्पूपायी मोडून आले."

हे अफताबने ऐकलं. विठाबाई चाचींच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, स्वराज पुठ्ठा उचलून तो कुठे लावावा या विचारात होता, आणि काचेतून अफताब आईकडे बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "अम्मी, ती शाम्पूवाली तुला चालली असती?"

चाचींनी खोटं सांगितलं नाही. "पहिल्या शुक्रवारी नसती चालली. जीव नकोसा झाला होता मला. पण दुसऱ्या शुक्रवारी तू हसत होतास. चार वर्षांत तू तसा हसला नव्हतास, बेटा. मी म्हटलं, हिच्यामुळे हसत असेल तर हीच बरी. मी तिला कुडता शिवलाय."

अफताबने मान खाली घातली. वर केली तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"मी तिच्यामुळे हसत नव्हतो, अम्मी."

"मग कुणामुळे?"

मग ते आलं. पुढचा शुक्रवार, पुढचा शुक्रवार करत त्याने जे तीन आठवडे आणि त्याआधी दीड वर्ष गिळून ठेवलं होतं, ते एका दमात बाहेर आलं. तिचं नाव शिरीन. सोलापूरची, मस्कतच्या एका दवाखान्यात नर्स. तो टायफॉइडने आजारी होता तेव्हा ओळख झाली. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. आणि तिचं एकदा लग्न होऊन मोडलेलं. हे शेवटचं सांगताना त्याचा आवाज इतका बारीक झाला, की स्वराजला स्पीकर वाढवावा लागला. आईला हे कसं सांगावं ते त्याला कळत नव्हतं. आई कधीच हो म्हणणार नाही, अशी त्याची खात्री होती.

चाचींनी घडी केलेलं झबलं मांडीवर ठेवलं. महिन्यापूर्वी ही गोष्ट त्यांच्या कानावर आली असती, तर काय झालं असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण महिनाभर त्या एका उघड्या डोक्याच्या, परक्या, न बोलणाऱ्या मुलीशी मनातल्या मनात नांदल्या होत्या. आता नव्याने भांडायला त्यांच्याजवळ काही शिल्लकच नव्हतं.

"पुढच्या शुक्रवारी आण तिला," त्या म्हणाल्या. "बघू."

पुढच्या शुक्रवारी कॅफेत मुलगी पाहण्याचा कार्यक्रम होता. हौसराव फेटा बांधून आले होते, कारण मुलाकडची वडीलधारी मंडळी म्हणून दुसरं कुणी नव्हतं. विठाबाईंनी पोहे आणले होते. स्वराजने चाचींना तीन-तीनदा समजावलं, की डावीकडचं खरं, उजवीकडचं खोटं. चाचींनी मान डोलावली, पण चेहऱ्यावर विश्वास दिसेना. एकदा पोळलेलं माणूस, त्याला डावं-उजवं काय सांगता?

अफताब आला. आज त्याच्याच चौकोनात, त्याच्या खांद्याला खांदा लावून, एक मुलगी बसली होती. सावळी, चष्म्याची, डोक्यावरून ओढणी घेतलेली. ती लाजली होती की घाबरली होती कोण जाणे, पण तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता. तिने चाचींकडे बघून हसून घेतलं आणि नजर खाली वळवली. उजवीकडे त्या दिवशी कसलीशी फ्रीजची जाहिरात होती आणि तिथेही एक बाई अशीच हसत होती.

हौसराव चाचींच्या कानाशी वाकले. "वैनी, ही बी हसतीय आन् ती बी हसतीय. कंपनीचा भरवसा धरू नगा. काय तरी इचारून घ्या."

"इचारून काय हुतंय, भाऊ," चाची म्हणाल्या. त्यांनी पदर सारखा केला. लग्नाची मुलगी बघायला गेल्यावर आपल्याकडे पूर्वीपासून जे सांगतात, चालायला, सुई ओवायला, तांब्या आणायला, ते त्यांना आठवलं. असं सांगतात याचा चाचींना मनातून नेहमी राग यायचा. त्यांना स्वतःला चौदाव्या वर्षी पाशाभाईंच्या मामांनी अंगणभर चालवलं होतं. पण आज त्याचा उपयोग त्यांच्या ध्यानात आला.

"बेटी," त्या काचेला म्हणाल्या, "थोडं पाणी आणतेस?"

मुलीने दचकून वर पाहिलं. मग ती उठली आणि चौकोनातून निघून गेली. तिच्या जागी नुसती भिंत राहिली. फ्रीजवाली बाई जागची हलली नाही. हौसरावांनी हे नोंदवून घेतल्यासारखी मान हलवली.

आणि तेवढ्यात चित्र थबकलं. अफताबचा हात हवेत, तोंड अर्धवट उघडं, शेजारी रिकामी खुर्ची. स्वराजने केबल हलवली, माऊस आपटला. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. पोह्यांची वाफ निवली. विठाबाईंनी कुठल्या कुठल्या देवांची नावं घेतली, आणि चाची त्या रिकाम्या खुर्चीकडे डोळ्याचं पातं न हलवता बघत राहिल्या. ती खुर्ची रिकामीच राहिली तर आपलं काय होईल, हे त्यांना त्या एका मिनिटात स्वच्छ कळलं.

चित्र हललं. शिरीन परत आली होती. तिच्या हातात स्टीलचा ग्लास होता, काठोकाठ भरलेला, आणि धावत आल्यामुळे थोडं पाणी तिच्या मनगटावर सांडलं होतं. अफताबने ग्लास घ्यायला हात पुढे केला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. वडीलधारं माणूस समोर असताना पहिलं पाणी कुणाला द्यायचं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिने दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि सरळ समोर, कॅमेऱ्यापुढे केला.

"घ्या, अम्मी," ती म्हणाली.

वरवंडच्या कॅफेत चाचींचा हात आपोआप पुढे गेला आणि बोटं काचेला लागली. कोणी हसलं नाही. हौसरावांनी फेट्याच्या शेमल्याने डोळे टिपले.

"घेतलं, बेटी," चाची म्हणाल्या. "आता त्याला दे."